एवढे थर्मास ठेवू कुठे?

...आणि वर परत विचारतात, ‘तेओदुलो, रंग आवडला का रे?’ रंग! अहो, रंगाचं काय घेऊन बसलात? डिसेंबर महिना, लिमातला उन्हाळा तोंडावर आलेला, युनिफॉर्मच्या आत माणूस उकडून निघतोय, आणि समोर आमच्या गल्लीतल्या सेन्योरा ओतिलिया, हातात थर्मास! लाल रंगाचा, वर पिवळी फुलं, गळ्यात रिबीन बांधलेली... त्याच्या, माझ्या नव्हे. मग मी काय म्हणालो असेन? ‘वा सेन्योरा, फारच सुंदर!’ दुसरं काय म्हणणार? हा नको, मला पानेतोन द्या, असं म्हणू? छे! मागणं आपल्या रक्तात नाही.

तुम्हाला सांगतो, मी लोस नोगालेस गल्लीचा वॉचमन. साधासुधा नाही हं! केस काळे होते तेव्हापासून त्या गल्लीच्या तोंडाशी माझी केबिन आहे, आता केस पांढरे झाले, केबिन तीच. कुणाच्या कुत्र्याला कुणाचं कुत्रं चावतं, कुणाचा जावई रुसून गाडीत बसून राहतो, सगळं मला ठाऊक, आणि माझ्या तोंडून चकार शब्द नाही. म्हणून नाताळ आला की प्रत्येक घरातून वॉचमनसाठी पानेतोन येतो म्हणजे येतोच. आता पानेतोनशिवाय नाताळ कुणी पाहिलाय का? तो घुमटासारखा फुगलेला गोड पाव, मनुके, टुटीफ्रुटी, खोका उघडला की घरभर वास... आणि सोबत गरम चॉकलेट, घाम पुसत पुसत प्यायचं! तर ते खोके मी केबिनच्या काचेला लावून रचतो. चित्राची बाजू बाहेर. एकावर एक, एकावर एक, थेट छतापर्यंत! मला बसायला जागा उरत नाही, मी आपला बाहेर उभा. पण उभा कसा? छाती काढून!

आणि लोक बघतात बरं का. सेन्योरा ओतिलिया कुत्र्याला फिरवायला निघाल्या की आधी काचेकडे नजर. ‘तेओदुलो, माझा खोका मागे गेला वाटतं?’ की लगेच मी तो पुढे आणणार. मग कर्नलसाहेब, रिटायर झालेत पण मिशी अजून ड्युटीवर आहे, ते खाकरणार, ‘हं! माझा दिसत नाही!’ की त्यांचा पुढे. दाताच्या डॉक्टरीणबाई बोलत नाहीत, नुसत्या गाडी हळू करतात. की त्यांचा पुढे! दिवसभर मी तो मनोरा पाडतोय आणि बांधतोय. आणि हे सगळं पलीकडच्या लोस सेद्रोस गल्लीच्या वॉचमनला, सोसिमोला, त्याच्या केबिनमधून दिसतं. त्याचाही मनोरा असतो. पण माझ्यापेक्षा बुटका! मी कधी बोलून दाखवलं नाही. नुसता शिट्टी वाजवायला त्या बाजूला जातो, मनोऱ्याकडे बघतो, आणि परत येतो.

तर यंदा काय झालं, डिसेंबर लागला, आणि सोसिमो माझ्याकडे झाडू मागायला आला. मागायला! बघा म्हणजे. आणि नेमक्या तेव्हाच सेन्योरा ओतिलिया कुत्रं घेऊन हजर. ‘काय तेओदुलो, यंदाही पानेतोनच ना? आवडतो ना तुला?’ आता तुम्हीच सांगा, सोसिमो कान टवकारून उभा, हातात माझाच झाडू, आणि मी काय लहान पोरासारखं ‘हो हो, द्या द्या’ करू? मी हसलो. अगदी असा, मोठ्या माणसासारखा. म्हटलं, ‘पानेतोन ना, सेन्योरा? एवढे येतात, एवढे येतात, की ठेवायला जागा नाही! आम्ही तर घरी आता हातसुद्धा लावत नाही!’ सोसिमोचा चेहरा काय उतरला म्हणता! तो झाडू घेऊन गेला. मला वाटलं, जिंकलो.

आणि त्याच आठवड्यात आमच्या वस्तीची सभा. आम्ही राहतो टेकडीवर. खाली वस्तीचं स्वयंपाकघर, तिथपर्यंत पाण्याचा टँकर येतो, आणि तिथून वर नुसत्या पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या... वरच्या घरातून समुद्र दिसतो म्हणतात, पण वर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारीच येते. दर नाताळाला तिथं सगळ्या पोरांना गरम चॉकलेट आणि पानेतोन वाटतात. साखर कुणाची, दुधाचे डबे कुणाचे, कोको कुणाचा, सगळं सभेत ठरतं. सभा चालवतात सातुर्नीनाबाई. बाई म्हणजे काय आवाज! लाउडस्पीकर त्यांच्या हातात लाजतो. तर त्या म्हणाल्या, ‘आणि पानेतोन?’ तर त्यांचा तो टॅक्सीवाला दीर, पाय पसरून बसलेला, म्हणतो कसा, ‘मी बघतो काहीतरी. वॉचमन लोकांना कुठून परवडणार!’

वॉचमन लोकांना! मी उभाच राहिलो. एर्मेलिंदा, माझी बायको, खालून माझा शर्ट ओढतेय, ओढतेय, पण मी उभा. म्हटलं, ‘सातुर्नीनाबाई, सगळे पानेतोन माझ्याकडे लागले! एकूण एक पोराला जाड तुकडा!’ टाळ्या पडल्या हो. घरी जाताना एर्मेलिंदा एकच वाक्य बोलली. ‘तेओ, आधी हातात तर पडू देत.’ मी म्हटलं, ‘वेडी आहेस. दर वर्षी येतात. न मागता येतात!’

आणि मग आला तो थर्मास. लाल, फुलांचा. म्हटलं ठीक आहे, सेन्योरांची लहर. दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेब. मिशीला पीळ देत, ‘तेओदुलो, माणसानं उपयोगाची वस्तू द्यावी. पावा-बिवाचं काय कौतुक! हा घे.’ थर्मास! हिरवा. मग डॉक्टरीणबाई. थर्मास! त्याच्यावर दाताचं चित्र, हसणारा दात. मग कोपऱ्यावरचे वकील... थर्मास. ते जुळे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, वेगवेगळ्या दारातून आले... थर्मास, थर्मास! एकसारखे! आणि जो तो कानाशी येऊन कुजबुजतोय, ‘सगळे तेच ते देतात ना, म्हणून मी म्हटलं, काहीतरी वेगळं!’

मग कळलं. सेन्योरा ओतिलियांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, ‘बिचाऱ्या तेओदुलोला पानेतोनचा कंटाळा आलाय, घरी हात लावत नाहीत, यंदा कुणी देऊ नका, रात्रपाळीला उपयोगी पडेल असं काही द्या.’ आणि त्याच आठवड्यात मोठ्या दुकानात सेल लागलेला. कशाचा, ते मी सांगायला हवं का? फक्त शेवटच्या घरात नवीन आलेल्या त्या मुलीनं थर्मास दिला नाही. तिनं छत्री दिली. लिमात, जिथं पाऊस म्हणून पडत नाही! छत्री! मी जन्मात पहिल्यांदा छत्री हातात धरली, आणि चालत्या रस्त्यावर ती माझ्या तोंडावर उघडली.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना सरळ! ‘सेन्योरा, मी थापा मारत होतो, पोरांना वाटायचेत, पानेतोन द्या.’ अहो, काय बोलता! मागणं आपल्या रक्तात नाही. आणि विकत घेईन म्हटलं तर एवढ्या पोरांना पुरतील इतके घ्यायला वॉचमनचा पगार कुठून पुरणार? टॅक्सीवाल्याचं ते वाक्य कानात घुमत होतं. वस्तीभर नाक कापलं जाणार, ते एक वेळ चालेल. पण ती पोरं! येता-जाता मला हाका मारायला लागलेली, ‘पानेतोनवाले काका! पानेतोनवाले काका!’ मी आपला मागच्या वाटेनं घरी जायला लागलो.

शेवटी चोवीस तारीख, सकाळ. कार्यक्रम दुपारी. आणि समोर काय दिसावं? सोसिमोची केबिन, आणि तिच्यात खोक्यांचा मनोरा, थेट छतापर्यंत! यंदा माझ्यापेक्षा उंच! मी गेलो. कसा गेलो ते माझं मला ठाऊक. पण मागितलं नाही हं! म्हटलं, ‘सोसिमो, गड्या, तुला बसायलासुद्धा जागा नाही. मला बघवत नाही. थोडे मी घेऊन जातो, तेवढीच तुझी सोय.’ तो म्हणाला, ‘नको.’ मी म्हटलं, ‘लाजतोस काय!’ तो म्हणाला, ‘तेओ, हात लावू नकोस!’ पण मी वरचा खोका धरलाच. जड असेल म्हणून दोन्ही हातांनी जोर लावून उचलला, आणि तो खोका गेला उडत हो! थेट रस्त्यात! रिकामा! दुसरा रिकामा. तिसरा... बुरशीचा वास. गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीच्या वर्षीचे खोके, जपून ठेवलेले!

सोसिमो खाली बघत होता. म्हणाला, ‘आमच्या गल्लीनं कॅमेरे बसवले ना. कॅमेरा आल्यापासून माझ्याकडे कुणी बघतच नाही. म्हटलं निदान तुला तरी कळू नये.’ मला! म्हणजे तो सगळा मनोरा माझ्यासाठी रचलेला! इतकी वर्षं शिट्टी वाजवत जायचो मी त्याचा मनोरा बघायला... जाऊ दे. मग त्यानं सगळ्यात तळाचा खोका ओढला. तो जड होता. ‘एक आला यंदा,’ म्हणाला. ‘एका म्हातारीनं दिला. घे.’ मी तर मागितलाही नव्हता.

एक पानेतोन आणि अख्खी टेकडी! मी घरी जाऊन कपाळाला हात लावून बसलो. एर्मेलिंदानं एकदा पानेतोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग कोपऱ्यात ती थर्मासांची रांग होती तिच्याकडे. ‘ऊठ,’ म्हणाली. ‘खाली पातेल्यातलं चॉकलेट दर वर्षी वर पोचेपर्यंत थंडगार होतं. वरच्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत तर जातच नाही. भर हे सगळे!’

भरले! लाल, हिरवा, हसणाऱ्या दाताचा, जुळ्यांचे दोन्ही... गळ्यात अडकवले, काखेत धरले, दोऱ्या बांधून पाठीवर टाकले, अर्धे मी, अर्धे सोसिमो, तोही आला होता, युनिफॉर्म घालून! सातुर्नीनाबाई त्या छत्रीखाली उभ्या राहून, उन्हाला काय झकास हो ती, लाउडस्पीकरवरून ओरडतायत, ‘वाट द्या! वॉचमन येतायत!’ आणि आम्ही शिट्ट्या वाजवत पायऱ्या चढतोय. पानेतोन एर्मेलिंदानं असा कापला, असा पातळ कापला, की तुकड्यातून पलीकडचा माणूस ओळखू यावा. सोबत साधे पाव. ‘पानेतोनवाले काका, जाड तुकडा म्हणाला होतात!’ एक चिमुरडी म्हणालीच. मी तिचा पेला काठोकाठ भरला. ती फुंकर मारत बसली, पाव बुडवून खाल्ला, आणि पुन्हा पेला पुढे केला. तुकड्याचं विसरली.

आणि अगदी टोकाच्या घरात म्हातारा सेलेदोनिओ. गुडघे गेल्यापासून खाली उतरला नाही बिचारा. त्याला पेला दिला. त्यानं आपला सवयीनं मोठा घोट घेतला... आणि किंचाळला! ‘मेल्या तेओदुलो! जीभ भाजली माझी!’

जीभ भाजली! तुम्हाला कळतंय का? त्या टेकडीच्या टोकावर चॉकलेटनं आजवर कुणाची जीभ भाजली नव्हती! सगळे हसायला लागले, म्हातारा शिव्या देतोय आणि दुसरा घोट घेतोय, खाली खरंच समुद्र दिसत होता, आणि माझी छाती अशी फुगली, की गळ्यातले थर्मास एकमेकांवर वाजायला लागले. सोसिमो म्हणाला, ‘तेओ, आता रडू नकोस.’ मी कुठला रडतोय? घाम होता तो!

इथं थांबायला हवं होतं ना? पण नाही. सातुर्नीनाबाई खालून लाउडस्पीकरवर, ‘पुढच्या वर्षीचे पानेतोनही तेओदुलोकडेच लागले! आणि यंदाचे बाकी राहिलेत, तेसुद्धा!’ टाळ्या. टॅक्सीवाला सगळ्यात जोरात वाजवतोय.

एर्मेलिंदानं मला दुसऱ्या दिवशी दारातच धरलं. ‘तेओ, आज सेन्योरा विचारतील. एकच वाक्य म्हण. पानेतोन आम्हाला फार आवडतो. म्हण बघू!’ मी म्हटलं. तीनदा म्हटलं. वाटेत चालताना म्हटलं. बसमध्ये म्हटलं, तर शेजारची बाई उठून गेली. आणि आल्या सेन्योरा ओतिलिया, कुत्रं घेऊन. ‘काय तेओदुलो, थर्मास आला का उपयोगी?’ मी तोंड उघडलं. वाक्य अगदी ओठांवर होतं हो! आणि माझंच तोंड मला न विचारता म्हणालं, ‘थर्मास ना, सेन्योरा? एवढे आलेत, एवढे आलेत, की ठेवायला जागा नाही!’

त्यांनी तिथल्या तिथे फोन काढला. आता पुढच्या वर्षी काय येतंय, देव जाणे.

म्हणून म्हणतो, तुम्ही मंडळी कधी लोस नोगालेस गल्लीवरून गेलात, एक बाई कुत्रं फिरवताना दिसल्या, तर आपलं सहज बोलता बोलता त्यांच्या कानावर घाला, की त्या वॉचमनला पानेतोन आवडतो. मी सांगितलं असं मात्र सांगू नका हं. मागणं आपल्या रक्तात नाही!