अनधिकृत गाजर

मॅडम : इथे, रेघेवर सही करा मावशी. तारीख मी घातलीय.

मावशी : आधी वाचून दाखवा. चष्मा माझ्या डब्यापाशी राहिलाय.

मॅडम : "मी, या पाळणाघरातली स्वयंपाकीण, आज दुपारी तीन वर्षांच्या एका मुलीला आहारपत्रकात नसलेला अनधिकृत पदार्थ दिला. तो घशात अडकून तिच्या जिवाला धोका निर्माण झाला. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे." झालं, एवढंच.

मावशी : अनधिकृत पदार्थ म्हणजे काय हो?

मॅडम : तुम्हाला माहितीये.

मावशी : मला माहितीये, कागदाला कुठे माहितीये? गाजर लिहा की सरळ. लाजता कशाला?

मॅडम : गाजर लिहिलं तर...

मावशी : तर वाचणारा हसेल.

मॅडम : हसण्यावारी नेऊ नका. पोर निळी पडली होती!

मावशी : लाल झाली होती. मी उचलली, मांडीवर पालथी घातली, पाठीवर थापट्या दिल्या, तुकडा बाहेर. निळ्या तुम्ही पडला होतात, दाराची कडी धरून.

मॅडम : तिची आई दुकानातल्या कामावरून निघालीय. ती यायच्या आत हा कागद सहीसकट मला टेबलावर हवाय. नाहीतर उद्यापासून तुमचं काम...

मावशी : कुठलं काम? तीन महिन्यांपूर्वी माझी शेगडी काढलीत, पातेली माळ्यावर टाकलीत. सोळा वर्षं या पोरांना रांधून घातलं. भात, भाजी, अंडी, उकडलेले बटाटे. आता सकाळपासून कंपनीच्या त्या दाबून चोखायच्या लगद्याच्या पाकिटांची टोपणं फिरवत बसते. मनगट दुखतं आणि जीभ रिकामी. मीठ बघायचं नाही, शिजलंय का बघायचं नाही. मला स्वयंपाकीण तरी कशाला लिहिलंत? टोपणवाली लिहा.

मॅडम : ते शास्त्रीय अन्न आहे, मावशी. कंपनीच्या आहारतज्ज्ञ स्वतः येऊन समजावून गेल्या.

मावशी : गेल्या खऱ्या. मुलांना फुगे, तुम्हाला फ्रीज, आणि मला एक टोपी. टोपीवर कंपनीचं नाव. ती मी भांडी घासायला वापरते, चांगली खरखरीत आहे.

मॅडम : पालकांनाही हेच हवं होतं. मुलं खात नाहीत, अंगावर सांडतात, कपडे खराब होतात. आता एकही तक्रार नाही.

मावशी : तक्रार करायला तोंड मोकळं लागतं. बरं, ते समोरचं पाकीट घ्या हातात. पुढच्या बाजूला काय आहे?

मॅडम : गाजर.

मावशी : एवढं मोठं, डोळा मारणारं. आता मागचं वाचा. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं आहेत ती.

मॅडम : मावशी, ही काय परीक्षा आहे?

मावशी : वाचा तर.

मॅडम : सफरचंदाच्या रसाचा अर्क, पाणी, स्टार्च, दूधभुकटी, तेल, घट्टपणा आणणारे पदार्थ, स्वाद...

मावशी : आणि गाजर?

मॅडम : ...चार टक्के.

मावशी : वा! चार टक्के असलं की अधिकृत. माझ्या डब्यातलं अख्खं गाजर होतं, म्हणून ते गुन्हेगार.

(मुलीची आई धापा टाकत आत येते. खांद्यावरची पर्स घसरून कोपरापर्यंत आलेली.)

आई : कुठाय ती?

मॅडम : आतल्या खोलीत शांत झोपलीय. डॉक्टरांना दाखवलं, काही नाही म्हणाले. तुम्ही बसा.

आई : घशात काय अडकलं होतं? बटण? नाणं?

मावशी : गाजर. उकडलेलं. बोटानं दाबलं तर लगदा होईल असं.

आई : तुम्ही दिलंत? कुणाला विचारून? मी फॉर्मवर ठळक लिहून दिलंय, फक्त पाकिटातलं द्यायचं! तिला दुसरं काही चालत नाही.

मावशी : चालत नाही म्हणजे काय होतं? पोट दुखतं? अंगावर पुरळ येतं?

आई : नाही... ती खात नाही. घट्ट काही दिलं की तोंडात तसंच धरून ठेवते.

मावशी : तीन वर्षांची मुलगी. वीस दात आहेत तिला, मी मोजलेत. वीसच्या वीस नुसते बसून आहेत. पुढचे दोन तर काळे पडायला लागलेत, न चावताच.

मॅडम : मावशी! पालकांशी या भाषेत बोलायचं नाही.

आई : बोलू द्या. मी रोज कुणाच्या हातात मुलगी ठेवून जाते ते मला कळू दे. मला काय अडाणी समजता तुम्ही? त्या पाकिटावर लिहिलंय, लोह आहे, बारा जीवनसत्त्वं आहेत. तुमच्या डब्यावर काय लिहिलंय?

मावशी : काही नाही. झाकण उघडलं की दिसतं आत काय आहे ते.

आई : मग ते दिसणारं खाऊन माझी मुलगी गुदमरली का?

मावशी : सांगते. मी तिथे कोपऱ्यात जेवत होते. ही आली, माझ्या डब्यात बोट घातलं आणि म्हणाली, "गाज." चित्रावरून ओळखलं तिनं. मला कौतुक वाटलं, दिला एक तुकडा. तर तिनं त्याचं टोक ओठांत धरलं आणि मागून दोन बोटांनी दाबलं. दाबत बसली, चोखत बसली. आतून काहीतरी येईल म्हणून.

आई : ...दाबलं?

मावशी : पाकिटासारखं. काही येईना तेव्हा सगळा तुकडा आत कोंबला आणि सरळ गिळायला गेली. दातांखाली घ्यायचं असतं हेच तिला ठाऊक नाही.

मॅडम : म्हणजे तुम्हीच दिलात, हे कबूल आहे.

मावशी : मी नाही कधी म्हटलं? आणा तो पेन. पण "पदार्थ" खोडा आणि गाजर लिहा. नाहीतर उद्या लोक म्हणतील, मावशीनं पोरीला तंबाखू चारली.

आई : तुकडा बाहेर पडल्यावर रडली का ती?

मावशी : थोडी रडली. नाक पुसलं, पाणी पाजलं. मग परत डब्याकडे बोट दाखवलं.

मॅडम : आणि तुम्ही परत दिलंत?

मावशी : तुम्ही फोनवर होतात ना. मुगाच्या दाण्याएवढा चिमटीत कुस्करून दिला. आणि एक माझ्या तोंडात टाकला. तोंड उघडं ठेवून चावला, म्हशीसारखा, आवाज करत. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. आत काय हलतंय ते बघत राहिली. मग स्वतःच्या गालावर ठेवला. आणि लागली की हलवायला! चार दाणे खाल्ले. अर्धा तास लागला, पण खाल्ले.

मॅडम : हेही कागदात घालावं लागेल मला.

मावशी : घाला. चार दाणे म्हणजे चार गुन्हे.

आई : मी दिलं होतं एकदा. वर्षाची असताना, केळं. ते असंच अडकलं होतं. घरात मी एकटी. तिला उचलू, की फोन करू, की दार उघडून ओरडू, काही सुचेना. आपोआप उलटी झाली म्हणून वाचली. त्यानंतर मी घट्ट काही दिलंच नाही. पाकिटातलं कधी अडकत नाही.

मावशी : कुणाला तरी विचारायचं होतं, बाई.

आई : कुणाला? माझी आई नाही, सासू नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं, बाळाला काय देऊ. त्यांनी पाकीट दिलं.

मॅडम : तुम्ही काळजी करू नका. या बाई उद्यापासून इथे नसतील. मावशी, सही.

मावशी : ही घ्या. आता माळ्यावरचं माझं पितळी पातेलं खाली काढायला लावा, ते घरून आणलंय मी.

आई : तुम्ही राहता कुठे?

मावशी : मागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या वरती. का? तक्रार घरी पाठवायचीय?

आई : रविवारी मला सुट्टी असते. तिला घेऊन येऊ का? मलाही बघायचंय, कसं शिकवायचं ते.

मावशी : या. तिला भूक लागू द्या, मग या.