शनिवारचा एक तास

आईची औषधं न्यायला आलेल्या टेलरबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक जोडपं होतं. तान्ही मुलगी बायकोच्या मांडीवर, आणि दोघांचं दबक्या आवाजात जुंपलेलं.

"अगं, बाळंतपणानंतर तुझी साखर नॉर्मल आली ना? मग आता हा घोळ कशाला?"

"परत वाढू नये म्हणूनच तर हा वर्ग आहे. खायचं काय, चालायचं किती, सगळं शिकवतात. दर शनिवारी एक तास."

"आणि हिला कोण बघणार?"

"तुम्ही."

"मी? आईला काय सांगू? सून व्यायामाला गेलीय आणि मुलगा लंगोट बदलतोय?"

"हो, तसंच सांगा."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

टेलरबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ऐकू देत. मी पोटात असताना माझ्या आईलाही अशीच साखर झाली होती. तीही म्हणाली, गेली एकदाची. परत कधी तपासलीच नाही."

"त्यांचं वेगळं गं..."

"काय वेगळं? परवा तिच्या पायाची पट्टी तुम्हीच बदललीत. अंगठा होता का जागेवर?"



नर्स दारात आली. "वर्गाला अजून कोण आहे? दार लावतेय."

बायको उठली, मुलगी त्याच्या हातात दिली आणि मागे न बघता आत गेली.

दार लागताच पोरीने भोकाड पसरलं. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग टेलरबाईंकडे.

"ताई, हिला धरायचं कसं हो?"

"मान सांभाळा," त्या म्हणाल्या, "आणि उठून उभे राहा. बसून नाही जमायचं."