बंबाचं उजवं दार

थिया : नाही, हिल्मरकाका. पेटी उचला ती माझ्या टेबलावरून. आधी माझं ऐका.

हिल्मर : ऐकायला नाही आलो, ब्रश परत करायला आलोय. तुझ्या वडिलांनी दिलेले सगळ्यात खाली आहेत, तेल लावून ठेवलेत. उद्यापासून मी येणार नाही.

बर्निस : एका दारासाठी?

हिल्मर : बर्निस, तू तुझे हिशेब बघ.

बर्निस : तेच बघतेय. त्यात तुम्हीही आहात.

थिया : अहो, बंबवाल्यांनी तक्रारसुद्धा केलेली नाही. डाव्या दारावर अक्षरांची सावली निळी आहे, उजव्या दारावर काळी, वेळ होईल तेव्हा बघा, एवढंच म्हणाले.

हिल्मर : सोनेरी अक्षर आणि गडद निळी सावली. चौतीस वर्षं या गावच्या आगीच्या बंबांवर मीच काढतोय. त्या दिवशी निळा म्हणून डबा उघडला. दार पुरं केलं, लांब जाऊन उभा राहिलो, झकास झालंय म्हणून वर कॉफी प्यायलो. ज्याला निळ्यातला आणि काळ्यातला फरक कळत नाही त्याने पाट्या रंगवू नयेत, थिया.

थिया : कधीपासून होतंय हे?

हिल्मर : गेल्या हिवाळ्यापासून. सगळ्यावर धुकं असल्यासारखं. म्हटलं सरोवरावरून येत असेल.

बर्निस : जूनमध्ये?

हिल्मर : इथे जूनमध्येही येतं.

थिया : डॉक्टरांना दाखवलंत?

हिल्मर : ऑगस्टमध्ये. मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत.

थिया : मोतीबिंदू! मी काय काय मनात आणलं होतं. अहो, मग काढून टाका ना तो. अर्ध्या तासाचं काम.

हिल्मर : अर्ध्या तासाचं, आणि वर्षाचे पहिले चार हजार डॉलर आपल्या खिशातून. त्यानंतर विमा. तूच आणलीस ना ही पॉलिसी?

थिया : मीच आणली. जुनीचा हप्ता त्या वर्षी इतका वाढला की विमा बंद करायचा, नाहीतर आपल्या सहा माणसांतल्या दोघांना घरी पाठवायचं, दुसरा रस्ताच नव्हता. हिचा हप्ता कमी. जे वाचले त्यातले निम्मे दुकानाला ठेवले आणि निम्मे दर जानेवारीत तुम्हा प्रत्येकाच्या आरोग्य बचत खात्यात टाकतेय. तेव्हाही सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

हिल्मर : सांगितलं होतंस. मी कुठे नाही म्हणतोय?

बर्निस : शिवाय दर पंधरवड्याला तुमच्या पगारातले पन्नास मी तिकडे वळवते, कर लागायच्या आधी. त्यात तुमचाही कर वाचतो आणि दुकानाचाही. पाच वर्षांत दहा हजारांच्या वर गेलंय ते खातं. तुम्ही एकदाही हात लावलेला नाही. दाढ काढलीत तेव्हासुद्धा रोख मोजलेत. मी काही बोलले नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं.

थिया : तू? बोलली नाहीस?

बर्निस : माझंही पहिलंच वर्ष होतं.

थिया : पण का, काका? पैसे पडून असताना?

हिल्मर : ते तुझे आहेत.

थिया : माझे?

हिल्मर : मी गेलो की परत दुकानाकडे येतील. पलीकडच्या गावात ते पाट्या छापायचं यंत्र आल्यापासून तुझी ओढाताण बघतोय. मला चार शब्द बोलून धीर देता येत नाही कुणाला. म्हटलं, जाताना निदान एवढं मागे राहील.

बर्निस : परत येतील असं सांगितलं कोणी तुम्हाला?

हिल्मर : सांगायला कशाला पाहिजे? आमची लेम्पी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती तेव्हा तिचंही होतं असलं खातं. डिसेंबर संपला की उरलेलं सगळं मालकाचं. दर नाताळाला आमची बाईसाहेब धावत जाऊन चष्मे आणायची. एका वर्षी तीन आणले. तिसरा कुत्र्याला घालून बघितला.

बर्निस : अहो काका, ते खातं वेगळं! त्याचे नियम याच्या उलट. यातलं वर्ष संपलं तरी राहतं. नोकरी सोडलीत तरी तुमच्याबरोबर येतं. थियाने टाकलेलंसुद्धा, टाकलं त्या क्षणापासून तुमचं. आता ती गुडघ्यावर बसून मागायला लागली तरी तिला मिळणार नाही. आणि दवाखान्यावर खर्च केलंत तर छदामसुद्धा कर नाही.

हिल्मर : म्हणजे पाच वर्षं मी हिच्यासाठी म्हणून जे साठवत होतो...

बर्निस : ते हिल्मर सालोसाठी साठवत होतात. माणूस चांगला आहे, द्या त्याला.

थिया : दाढ काढलीत त्या महिन्यात तुम्ही मासे पकडायला गेला नव्हतात. मी विचारलं तर म्हणालात, होडी गळतेय.

हिल्मर : गळतच होती.

थिया : हो का?

हिल्मर : थोडी. आणि मग यात तुला काय मिळालं? तुझे गेलेच की.

थिया : पाच वर्षांत सहापैकी एकही माणूस सोडून गेला नाही. नवा माणूस शिकवायला किती लागतात ते बर्निसला विचारा.

हिल्मर : आज एक चाललाय.

थिया : काका, एक सांगते, रागवू नका. ते दार मी पाहिलं होतं.

हिल्मर : कधी?

थिया : बंब बाहेर पडायच्या आधी. फाटकापाशी उभा होता, उन्हात. मला काळं दिसलं. मी जाऊ दिला.

हिल्मर : दुकानाचं नाव जातं त्यावर. का जाऊ दिलास?

थिया : बोलले असते तर ही पेटी तेव्हाच माझ्या टेबलावर आली असती.

बर्निस : लेम्पीकाकूला माहीत आहे का हे डोळ्यांचं?

हिल्मर : ती खूश आहे. हल्ली गाडी हळू चालवतो म्हणते, उशिरा का होईना शहाणपण आलं.

थिया : आजच सांगा तिला. काका, खरं सांगा, आता काय अडलंय? पैसे तर आहेत.

हिल्मर : जागेपणी करतात म्हणे. डोळा उघडा धरून ठेवतात.

थिया : मी येते बरोबर. परत येताना तुम्हाला गाडी चालवू देत नाहीतच. बाहेर बसेन.

हिल्मर : दिवसभर दुकान कोण बघणार?

बर्निस : मी इथे शोभेला बसलेय ना.

हिल्मर : आणि नीट दिसायला लागल्यावर? या वर्षभरात गावात मी काय काय करून ठेवलंय, ते सगळं दिसेल, थिया.

थिया : दिसू दे. शिडी घेऊन जाऊ. एकेक करून नीट करू.

हिल्मर : चर्चचा फलक. बेकरी. शाळेची पाटी तर मी एका दुपारी संपवली.

थिया : बेकरीपासून सुरू करू. तिथे खायला देतात.

(बर्निस डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावते.)

बर्निस : हो, सालो. हिल्मर. ऑगस्टमध्ये येऊन गेलेत... हो, खातं आहे, त्यातूनच देणार. काका, पुढचा गुरुवार म्हणतायत. आधी डावा डोळा.

हिल्मर : गुरुवारी मला...

थिया : चालेल म्हणून सांग.

बर्निस : चालेल. कागद भरून घेतायत. वय मी सांगितलं. बासष्ट म्हटलं की मोतीबिंदूवर पटकन विश्वास बसतो त्यांचा. आता विचारतायत, काम काय करता?

थिया : काका?

हिल्मर : सांग, पाट्या रंगवतो.