गच्चीवरच्या बागेने पाणी अडवल्याच्या तक्रारीबाबत

मी, चंद्रव्वा चनबसप्पा हत्तुरे, वय ५६ वर्षे, धंदा घरकाम व शेंगाचटणी विक्री, राहणार जुळे सोलापूर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझे शेजारी शिवयोगी म्हमाणे यांनी माझ्याविरुद्ध पाणी अडवल्याची तक्रार दिली आहे. माझ्या गच्चीवरची बाग काढून टाकावी, अशी त्यांची मागणी आहे. बाग मी काढणार नाही. हे आधी लिहून घ्या, असे मी हवालदारसाहेबांना सांगितले.

आमच्या गच्चीचा पाइप म्हमाणेंच्या अंगणात उतरतो. पूर्वी मोठा पाऊस झाला की गच्चीवरचं सगळं पाणी एकदम खाली यायचं आणि त्यांच्या पुढच्या खोलीत शिरायचं. मग "अक्का, तुमचं पाणी आवरा की!" म्हणून ते गल्ली डोक्यावर घ्यायचे. त्यांचं खरंच होतं. म्हणून आम्ही इंजिनियरकडून स्लॅब तपासून घेतला, गळू नये म्हणून लेप दिला, त्यावर खडी आणि हलकी माती पसरली. गवत, पुदिना, घोळीची भाजी लावली.

तेव्हापासून लहान पाऊस मातीतच मुरतो, पाइपातून थेंब येत नाही. मोठ्या पावसात माती पोटभर पाणी पिते आणि उरलेलं सावकाश सोडते. लागोपाठ झड लागली तर पाणी खाली येतंच. सगळंच थांबतं असं मी म्हणत नाही, खोटं कशाला बोलू?

भांडणाच्या काळातच म्हमाणेंनी पाइपाखाली ड्रम ठेवला होता. त्या पाण्यानं ते मोटरसायकल धुवायचे. आता ड्रम भरत नाही, तर ते त्यांचं हक्काचं पाणी झालं! आलं तरी भांडण, नाही आलं तरी भांडण. माणसानं करावं तरी काय? हे वाक्य हवालदारसाहेब गाळत होते, मी लिहायला लावले.

काल दुपारी धो धो पाऊस झाला. आज म्हमाणेंची पत्नी दानेश्वरी त्यांच्या बाजूने बोलायला ठाण्यात आली आहे. मी तिला सर्वांसमक्ष विचारलं, "काल घरात पाणी शिरलं का गं?"

"न्हाय शिरलं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, "लग्न झाल्यापासनं दर मोठ्या पावसात मी बादल्या घेऊन पाणी उपसत आले. हे खुर्चीवर पाय घेऊन बसत्यात आणि अक्कांना शिव्या देत्यात. काल पहिल्यांदा एवढ्या मोठ्या पावसात मी निवांत बसून गरम भजी खाल्ली. बाग काढायची तर काढा, पण मग पाणी हे उपसतील. तसं लिहून घ्या."

मला लई आनंद झाला. तिला मिठी मारावीशी वाटली, पण ठाण्यात बरं दिसत नाही म्हणून मारली नाही. मग म्हमाणेंनी तक्रार मागे घेतो असे सांगितले.

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. दानेश्वरीचं बोलणं तेवढं माझ्या विनंतीवरून दोनदा मोठ्याने वाचण्यात आले व ते म्हमाणेंनीही ऐकले.

सही
चंद्रव्वा चनबसप्पा हत्तुरे