नियमात बसणारा

(विमान कंपनीची कचेरी. ताई सिम्युलेटरवर उमेदवार वैमानिकांची परीक्षा घेते. तिचा धाकटा भाऊ भरतीप्रमुख आहे.)

भाऊ: दार लाव आधी. दोघंही बाहेर बसलेत, ऐकतील.

ताई: ऐकू देत की! मी नापास केलेल्याला तू नोकरी देतोस, पास केलेल्या पोरीला घरी पाठवतोस, मग आता लाज कसली?

भाऊ: ताई, तिचे उड्डाणाचे तास भरत नाहीत. दीड हजार लागतात, तिचे निम्मेही नाहीत. नियम आहे.

ताई: आणि त्याचे?

भाऊ: लागतात त्याच्या दुप्पट.

ताई: दुप्पट म्हणे! अरे, विमानाच्या शेपटीला जाहिरातीचं कापड बांधून स्वच्छ उन्हात त्याच त्या शहरावर घिरट्या घातल्यात त्याने. ढगात कधी शिरलेला नाही. मघाशी सिम्युलेटरवर मी वेग उतरवला, धोक्याचा भोंगा वाजला, विमान पडायला लागलं. काय केलं पठ्ठ्याने? नाक वर करायला दांडी पोटाशी ओढली आणि बसला धरून!

भाऊ: घाबरला असेल गं. परीक्षेत होतं असं.

ताई: घाबरल्यावर सगळेच ओढतात. म्हणून तर शिकवायचं असतं, की पडताना नाक आणखी खाली घाल, वेग येऊ दे, मग उचल. जिवावर येतं ते. तिच्या शिक्षकाने तिच्याकडून इतकं घोटून घेतलंय, की भोंगा वाजतोय तोवर नाक खाली! वर मलाच विचारते, "मॅडम, पुन्हा करू? जरा जास्तच खाली गेलं."

भाऊ: कळतंय मला. पण वर काय सांगू? तास मोजता येतात, शिकवण कशाने मोजू?

ताई: मग मला पगार कशाचा देता? खुर्ची उबवायचा?

भाऊ: ओरडू नकोस. हा नियम दाजींचं विमान पडल्यानंतरच आला ना? तूच दारोदार फिरलीस.

ताई: शिकवण सुधारा म्हणून फिरले! चपला झिजवल्या. तुम्ही तासांचा आकडा वाढवलात आणि वर माझाच सत्कार केलात. आकडा वाढवायला काय जातं? शिक्षक नेमायला नकोत, सिम्युलेटर घ्यायला नको.

भाऊ: तिला मी घेऊच शकत नाही. माझी नोकरी जाईल.

ताई: नको घेऊस. भरेल बिचारी तास. पण त्याला दोनशे माणसांच्या पुढे बसवू नकोस. परत शिकायला पाठव.

भाऊ: अगं, वैमानिक नाहीत म्हणून विमानं नुसती उभी आहेत.

ताई: राहू देत. उभ्या विमानात कुणी मरत नाही.

भाऊ: ताई, एक विचारू? इतकी वर्षं धीर झाला नाही. त्या दिवशी दांडी दाजींच्या हातात होती?

ताई: नाही. शेजारच्या वैमानिकाच्या. हे ओरडत होते, सोड, सोड म्हणून. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलंय मी.

भाऊ: त्याचे तास किती होते?

ताई: बाहेर बसलाय ना, त्याच्याहून जास्त.