अंगणापर्यंत रिव्हर्स

शलाका : आई, पाय काढा आता त्यावरून. किती दाबाल?

वेणूबाई : दाबतेय म्हणून घरघर तरी करतेय.

शलाका : घरघर करतेय, पण चाक कुठे फिरतंय? मघाशी गवताचा भारा घेतलेली ती म्हातारी आपल्याला ओव्हरटेक करून गेली.

वेणूबाई : म्हातारी काय म्हणतेस? उमा ती. माझ्याच वर्गात होती. मी मुद्दाम खाली वाकले.

शलाका : मला वाटलं, देवाला नमस्कार करताय.

वेणूबाई : तोही उरकला. गॅरेजवाल्याला लागला का फोन?

शलाका : लागला. प्रज्वल म्हणाला, गिअर पुढच्या डीवर टाका. म्हटलं, डीवरच आहे. बेलवलीहून निघालो तेव्हा मस्त होती, मग ओढेनाशी झाली, आणि चामटोलीचा फाटा चुकून पुढे आलो तर इथे बसलीच. तर म्हणाला, "आंटी को बोला था मैंने."

वेणूबाई : असं म्हणाला?

शलाका : काय बोला था, ते तुम्ही सांगा. काल मी नव्हते शहाडला, त्याच्या गॅरेजवर.

वेणूबाई : सासूची उलटतपासणी घेतेस होय? अगं, तो म्हणाला, गाडी सेकंडहँड, गिअरचं तेल आजवर कोणी बदललेलं दिसत नाही, आता हात लावू नका. मी म्हटलं, दाखव. आतली पट्टी काढून दाखवली त्याने. काळं कुळकुळीत. आणि वास कसा, तर तिसऱ्या दिवशीच्या कढईचा.

शलाका : आई...

वेणूबाई : जन्मभर चकल्या तळून विकल्या मी. जळक्या तेलात एक घाणा काढला नाही. आणि माहेरी जायचं ते तसल्या तेलावर? म्हटलं, सगळं उपस, आतून धुऊन काढ, नवं घाल.

शलाका : गिअरबॉक्स म्हणजे कढई नाही हो.

वेणूबाई : तोही हेच म्हणाला. हिंदीतून.

शलाका : त्याचं म्हणणं, आतल्या प्लेटी झिजून गुळगुळीत झाल्यात. त्यांचाच चुरा त्या काळ्या तेलात होता, आणि त्या गाळाच्या जोरावर त्या एकमेकींना धरून होत्या. तुम्ही गाळ धुतलात, त्या सुटल्या.

वेणूबाई : म्हणजे इतके दिवस घाणीवर चालत होती?

शलाका : घाणीवर.

वेणूबाई : मग तेच तेल परत घालायला सांग ना.

शलाका : विचारलं. हसला. टो करून आणा म्हणाला. मी म्हणते, गाडी राहू दे इथेच. रिक्षा बघते. मामांचं छप्पर दिसतंय इथून.

वेणूबाई : रिक्षा नको. रिक्षाने गेले तर दादा ओट्यावरून हलायचा नाही. भाऊबीजेला सगळ्यांसमोर म्हणाला ना, वेणी गाडी हाकत माझ्या अंगणात आली, तर मी उठून तिला पाणी देईन.

शलाका : एका तांब्यासाठी तुम्ही या वयात लायसन्स काढलंत?

वेणूबाई : तांब्याचं नाही गं. मला ताप असला तरी आई मलाच उठवायची, दादाला पाणी दे म्हणून. अजूनही जाते तेव्हा आधी मीच आत जाऊन तांब्या भरते, त्याला देते, मग टेकते. पाहुणी कोण?

शलाका : हं.

वेणूबाई : हं काय?

शलाका : आरवर टाकून बघा.

वेणूबाई : आर म्हणजे मागे.

शलाका : मागे जायच्या प्लेटी वेगळ्या असतात म्हणाला. कमी वापरलेल्या, म्हणून शाबूत असतील.

वेणूबाई : अगं बाई. सरकली.

शलाका : अंगणात यायचं ठरलं होतं ना? कुठल्या बाजूने, ते ठरलं होतं का?

वेणूबाई : नव्हतं बाई. आणि फाटाही मागेच राहिलाय. उतर तू, मागे उभी राहा. सोसायटीत टाकी नि गुलमोहराच्या मधे मी रोज उलटीच लावते. खरं सांगू? मला पुढे जायचीच भीती वाटते.

(शलाका उतरते. इथून अंगणापर्यंत दोघी मागे बघत बोलतात.)

शलाका : डावीकडे घ्या. थांबा, म्हैस जाऊ दे.

वेणूबाई : हॉर्न देऊ?

शलाका : दिलात तर तीच थांबेल. या आता, सरळ. उमाबाई परत आल्यात, हात करतायत.

वेणूबाई : आता ओळख दाखव. माझ्या वतीने हात कर.

शलाका : ओटा आला. मामा बसलेत. अजून बसलेत... उठले.

वेणूबाई : खरंच?

शलाका : मागे तुळस आहे. ब्रेक, आई, ब्रेक.

धोंडी : वेणे, ही काय रीत? लोकं तोंडानं येतात.

वेणूबाई : अंगणात आले का नाय, दादा?

धोंडी : आलीस. पन पाठ करून.

शलाका : निघताना वळवायला नको म्हणून, मामा.

धोंडी : हां, ते शहाणपनाचं हाय. पन जळका वास कसला येतोय गं?

वेणूबाई : सकाळी चकल्या तळल्या तुझ्यासाठी. लुगड्याला लागला असंल.

धोंडी : जलमभर टेंपो हाकलाय मी. हा चकलीचा नाय.

वेणूबाई : दादा. पाणी.

धोंडी : आनतो, आनतो. (आत बायकोला) रंजना, आपला तांब्या कुठं असतो गं?

शलाका : आई, डोळ्यांत पाणी?

वेणूबाई : घाम आहे. बघ ना, अर्धा तांब्या वाटेतच सांडला त्याने.

धोंडी : घे. आन उतर की आता खाली.

वेणूबाई : थांब. इथं बसूनच पिते.

धोंडी : बरं, किल्ली दे तवर. पुढं घेऊन सावलीत लावतो.

वेणूबाई : नको. उन्हातच बरी हाय.

धोंडी : वेणे, पुढं जाते का ही?

शलाका : मामा, त्याचं काय आहे...

धोंडी : तुला नाय इचारलं, पोरी.

वेणूबाई : नाय जात.

धोंडी : मंग तू निघनार कशी?

वेणूबाई : नाय निघनार.

धोंडी : बरं... आनखी आनू पानी?