लेकीला सांगायचं राहिलंय

— नाही नाही, बसा ना ताई, मी सरकतो. बाक काही माझ्या एकट्याचा नाही. जरा पाय मोकळे करतोय. हो, लेकीबरोबर आलोय, ती कॉफी आणायला गेलीय. सकाळी मूर्ती झाल्या, मग जुनी भांडी, मग ही चित्रं, वरचा मजला अजून राहिलाय — आणि संध्याकाळी गाणं. दर महिन्याला हेच. मी बसचा ड्रायव्हर हो, जन्मभर हे शहर बसून पाहिलं, आता म्हातारपणी चालून पाहतोय!

तक्रार नाही. गुणाची आहे पोर. दातांची डॉक्टर आहे. तिची आई गेल्यापासून तिनं मनाशी घेतलंय — बाबा एकटे पडले, बाबांना बाहेर काढायचं. आणि मी — तुमची-माझी ओळख नाही म्हणून सांगतो — मी एकटा नाहीचये. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई आहेत, कपडे दुरुस्त करून देतात. मी पँट आखूड करायला दिली. मग दुसरी दिली. मग पुन्हा पहिलीच घेऊन गेलो, तेव्हा त्याच म्हणाल्या, अहो, आता हिची चड्डी होईल, त्यापेक्षा नुसते येऊन बसत जा. — हसा, हसा, मीही हसलो. गेलो, बसलो. आता लग्न करायचं ठरलंय.

लेकीला? तिथंच तर घोडं अडलंय. दर वेळी ठरवून येतो, आज सांगायचंच. पण जरा टेकलो, घसा खाकरला, की ही उठलीच — बाबा, चला, ते दालन बंद होईल. दिवसभर जगाला तोंड उघडायला लावते आणि बापाला मात्र — बरं, सांगू तरी कसं? तिचा संसार मोडला. सुट्टीच्या दिवशी तिला माझ्याशिवाय आहे कोण? मी एकदा सुटलो की ती — नाही, सुटलो असं नव्हे. तोंडातून गेलं. पाय दुखायला लागले की माणूस काहीही बोलतो.

आलीच बघा. — अगं, ठेव ते कप इथं. नको, वर नको जायला. नको म्हणतोय ना! बस. बोलायचंय मला. असू देत या ताई. हे बघ, आपल्या खालच्या मजल्यावर त्या — काय? — माहितीय? तुला कुणी सांगितलं? — त्या स्वतः? तुझ्या दवाखान्यात आल्या होत्या? आणि मला एका शब्दानं — कधी गं? — म्हणजे इतके महिने तुला ठाऊक होतं? मग एवढे जिने कशाला चढवलेस मला, बाई? सरळ घरी बसून — काय म्हणालीस? — मी बोलू नये म्हणून?

अगं. अगं, इकडे बघ. हा रुमाल घे. मी कुठं जाणारेय?

ताई, तुम्ही उठता का जरा? — पलीकडचं दालन चांगलं आहे म्हणतात. जा, बघून या.